दाढीवाल्या सरड्याचें घर

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्याची मजल थोडी, त्याला उद्देशून ती वापरतात. आणि ती वापरणाराच्या मनांत त्या बिचाऱ्या सरड्याविषयीं थोडासा तुच्छभावच असतो. परंतु सरडा कुंपणापर्यंत कां धावतो आणि तेथें जाऊन काय करतो, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. सकाळच्या कोवळ्या उन्हांत कुंपणाच्या खांबावर चढून बसलेला सरडा आळसावलेला नसतो. आपल्या जगण्याचें सर्वांत महत्त्वाचें काम तो त्या वेळीं करीत असतो. तो ऊन घेत असतो.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागांतील कोरड्या मुलुखांत असाच एक सरडा राहतो. रस्त्याच्या कडेनें दूरवर गेलेल्या तारेच्या कुंपणांचे लांकडी खांब ही त्याची आवडती बैठक होय. इंग्रजींत त्याला बिअर्डेड ड्रॅगन असें नांव आहे. मराठींत त्याला दाढीवाला सरडा म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच्या गळ्याखालीं काटेरी खवल्यांची सैल कातडी असते. भय वाटलें किंवा राग आला म्हणजे तो ती फुगवतो, आणि पाहतां पाहतां ती काळीकुट्ट होते. हीच त्याची दाढी. आणि गंमत अशी कीं ती मादीलाही असते. अर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें १९२६ सालीं या जातीचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. आज तिचें शास्त्रीय नांव पोगोना व्हिटिसेप्स असें आहे, आणि त्यांतील पहिल्या शब्दाच्या मुळाशीं ‘दाढी’ या अर्थाचा ग्रीक शब्दच आहे. शेपटीसह त्याची लांबी दीड ते दोन फूट भरते. आपल्याकडील बागेंतला सरडा आणि हा ऑस्ट्रेलियन सरडा एकाच कुळांतले; तेव्हां त्याला दूरचा चुलत भाऊ म्हणावयास हरकत नसावी.

हा प्राणी स्वभावानें शांत असतो. तो दिवसा जागा असतो, माणसाच्या हाताला लवकर सरावतो, आणि नीट सांभाळल्यास आठ ते बारा वर्षें जगतो. त्यामुळें ऑस्ट्रेलियांत, युरोपांत आणि अमेरिकेंत तो घरोघर पाळला जातो. ऑस्ट्रेलियांतून रानांतले प्राणी व्यापारासाठीं बाहेर नेण्यास बंदी आहे. म्हणून इतर देशांत विकले जाणारे हे सरडे पाळीव माद्यांच्या अंड्यांतून तेथेंच जन्मलेले असतात. खुद्द ऑस्ट्रेलियांतही न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांत तो पाळण्यास सरकारी परवाना लागतो, आणि रानांतून धरून आणण्यास मुळींच मुभा नाहीं. सिडनी, मेलबर्न अशा शहरांत आतां पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. शेजारच्या घरीं असा सरडा पाहून तेथील एखाद्या मराठी मुलानें आईबापांपाशीं त्याचा हट्ट धरला, तर त्यांत नवल वाटावयास नको.

हट्ट पुरवणें सोपें असतें. प्राणी विकत मिळतो. अवघड असतें तें त्याचें घर उभारणें. कारण या प्राण्याचे हाल होतात ते बहुधा निर्दयपणानें होत नाहींत, मायेच्या पोटीं असलेल्या अज्ञानानें होतात. त्याला वेळेवर अन्न मिळतें, मुलें त्याला खांद्यावर घेऊन फिरतात, आणि तरीही वर्षा-दीड वर्षांत त्याचे पाय वांकतात व जबडा मऊ पडतो. घरच्यांना कळत नाहीं कीं चुकलें कोठें. चूक बहुधा त्या पेटींत असते, जिच्यांत त्याला ठेवलेला असतो. ती पेटी कशी असावी हें समजण्यासाठीं आधीं त्याच्या रानांतल्या एका दिवसाकडे पाहिलें पाहिजे.

माणूस जें अन्न खातो त्याचा मोठा भाग केवळ शरीराची ऊब राखण्यांत खर्च होतो. सरड्याचें तसें नाहीं. तो अंगांत पुरेशी उष्णता उत्पन्न करीत नाहीं. ती तो बाहेरून मिळवतो. पहांटे गारठलेला सरडा आपली कातडी गडद करतो, कारण गडद रंग ऊन अधिक शोषून घेतो. मग तो खांबावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर चढतो, अंग चपटें करून सूर्याकडे पाठ करतो, आणि स्वस्थ बसतो. शरीर सुमारें ३५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें कीं तो हालचालीस लागतो. किडे पकडतो, पाला खातो. त्याचें पचनही या उबेवरच अवलंबून असतें. गारठलेल्या सरड्याच्या पोटांतलें अन्न पचत नाहीं, तसेंच पडून राहतें. ऊन चढलें म्हणजे त्याचा रंग फिकट होतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर तो तोंड उघडें ठेवून बसतो, म्हणजे तोंडांतल्या ओलाव्याची वाफ होऊन अंग थोडें निवतें. आणि तेंही पुरेनासें झालें कीं तो खालीं उतरून सांवलींत किंवा बिळांत शिरतो. दिवसभर त्याची ही ये-जा चालू असते. उन्हांतून सांवलींत आणि सांवलींतून पुन्हा उन्हांत, अशा फेऱ्या घालून तो आपल्या अंगाची ऊब मोठ्या खुबीनें एका ठराविक पायरीवर राखतो.

या दिनक्रमांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे, आणि पुढचें सारें विवेचन त्यावरच उभें आहे. या प्राण्याला एक विशिष्ट उष्णता नको असते. त्याला निवड हवी असते. ऊन आणि सांवली या दोहोंमध्यें फिरण्याची मोकळीक हेंच त्याचें सुख. पाळणारानें त्याला सुख द्यावयाचें तें या मोकळिकीच्या रूपानें द्यावें.

नवशिका पाळणारा नेमकी येथेंच चूक करतो. माशांसाठीं केलेली कांचेची लहान टांकी तो आणतो, तिच्यावर मध्यभागीं एक दिवा टांगतो, आणि आंत सगळीकडे सारखीच ऊब झाली म्हणून समाधान मानतो. परंतु सगळीकडे सारखी ऊब म्हणजे सरड्याच्या दृष्टीनें बंदिवास. फार तापलें तरी जावयाचें कोठें, आणि गारठलें तरी जावयाचें कोठें? रानांत जो प्राणी दिवसांतून पन्नास वेळां जागा बदलील, त्याला येथें एकाच भट्टींत किंवा एकाच गारठ्यांत दिवस काढावा लागतो.

म्हणून पहिली गोष्ट लांबीची. पूर्ण वाढलेल्या एका सरड्यासाठीं पेटी निदान ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच असावी. याहून मोठी झाली तर उत्तमच. लांबीचा आग्रह केवळ हिंडण्याफिरण्यासाठीं नाहीं. पेटी आंखूड असली तर एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकाला पोंचते आणि थंड बाजू म्हणून कांहीं उरतच नाहीं. पेटी प्लायवुडची किंवा तशाच एखाद्या जाड फळीची करून समोरच्या बाजूस तिला सरकत्या कांचा बसवाव्या. लांकूड ऊब धरून ठेवतें. चारी बाजूंनीं कांच असली तर ऊब लवकर निघून जाते. शिवाय तिन्ही बाजू बंद असल्या म्हणजे प्राण्याला आडोसा वाटतो. चोहोंकडून कांच असेल तर त्याला आपलेंच प्रतिबिंब दिसतें, आणि दुसरा सरडा आला असें समजून तो दिवसभर कांचेवर ओरबाडत राहतो. हवा खेळती राहावी म्हणून थंड बाजूस खालच्या अंगाला आणि उष्ण बाजूस वरच्या अंगाला जाळीचे झरोके ठेवावे. गरम हवा वर चढून बाहेर पडते, तिच्या जागीं खालून ताजी हवा येते, आणि पंख्यावांचून हवा वाहती राहते. जुन्या वाड्यांतील माजघराला जें धोरण लागू होतें तेंच येथेंही.

आतां उष्णतेचा विचार. पेटीच्या एकाच टोकाला, वरच्या बाजूस, उष्णता देणारा पांढऱ्या प्रकाशाचा दिवा लावावा आणि त्याच्या खालीं एक सपाट दगड किंवा जाड फांदी ठेवावी. प्राणी येथें बसून ऊन घेईल. पूर्ण वाढलेल्या सरड्यासाठीं या बैठकीचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेला असावा. दुसऱ्या टोकाची हवा २४ ते २८ अंश असावी. मधल्या जागेंत उष्णतेच्या पायऱ्या आपोआप तयार होतात, आणि प्राणी आपल्या गरजेप्रमाणें त्या पायऱ्या चढतो-उतरतो. किती शक्तीचा दिवा लागेल हें खोलीच्या गारठ्यावर आणि पेटीच्या उंचीवर अवलंबून असल्यामुळें तें मोजूनच ठरवावें लागतें. भिंतीला चिकटवलेला तबकडीचा तापमापक येथें कुचकामाचा. तो भिंतीची उष्णता सांगतो, बैठकीची सांगत नाहीं. दोन्ही टोकांना एकेक तारेचा तापमापक ठेवावा, आणि बैठकीचा पृष्ठभाग दुरून मोजणाऱ्या तापमापकानें तपासावा. दिव्यावर नियंत्रण ठेवण्यासाठीं थर्मोस्टॅट हवाच. दिव्याला जाळीचें संरक्षक आवरण असावें किंवा तो प्राण्याच्या उडीच्या पलीकडे असावा, नाहीं तर भाजण्याची भीति असते.

बाजारांत विजेवर तापणारे कृत्रिम दगडही मिळतात. ते घेऊं नयेत. या प्राण्याच्या रक्तांत सूर्य वरून येतो हें ठाऊक आहे; खालून पोट भाजत असतांना तेथून उठावें ही जाणीव त्याला वेळेवर होत नाहीं. अशा दगडावर बसून पोट होरपळलेले सरडे पशुवैद्यांकडे नेहमी येतात.

उष्णतेइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रकाश. येथें बहुतेकांचा घोटाळा होतो. दिवा लागला, प्रकाश पडला, ऊब आली. आतां आणखी काय हवें, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु सूर्यप्रकाशांत जें डोळ्यांना दिसतें त्याखेरीज न दिसणारेंही पुष्कळ असतें. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे किरण डोळ्यांना दिसत नाहींत. त्यांना पूर्वीच्या पुस्तकांत जंबुपार किरण म्हणत. आज अतिनील किरण म्हणतात. त्यांतील एका विशिष्ट पट्ट्याचे किरण कातडीवर पडले म्हणजे कातडींतल्या एका द्रव्यापासून ‘ड’ जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते, आणि अंगाच्या उबेनें तिचें जीवनसत्त्वांत रूपांतर होतें. पुढें यकृत आणि मूत्रपिंड यांच्यांतून जाऊन तें कामाला लागतें. त्याचें काम म्हणजे अन्नांतला चुना, म्हणजेच कॅल्शियम, आंतड्यांतून रक्तांत ओढून घेणें. तें नसलें तर पोटांत कितीही चुना गेला तरी तो हाडांना मिळत नाहीं.

मराठी घरांना हा रोग अपरिचित नाहीं. लहान मुलांना होणारा मुडदूस तो हाच. काळोख्या चाळींतून वाढणाऱ्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वांकत, हें जुन्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. १९१९ सालीं बर्लिन येथें कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरानें मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले, आणि त्यांचीं हाडें पुन्हा भरूं लागल्याचें क्ष-किरणांच्या चित्रांनीं सिद्ध केलें. एकाच हातावर किरण पाडले तरी दुसऱ्या हाताचीं हाडेंही सुधारत. याचा अर्थ, किरण हाडांवर थेट काम करीत नाहींत. कातडींत असें कांहीं तयार करतात कीं जें रक्तावाटे सर्व शरीरभर पोंचतें. त्या दिव्याची नळी स्फटिकाची होती. साध्या कांचेची असती तर हा प्रयोग फसला असता, कारण साधी कांच हे किरण अडवते.

या शेवटच्या वाक्यांत अनेक पाळीव सरड्यांच्या दुर्दैवाची किल्ली आहे. “आमचा सरडा रोज खिडकींतल्या उन्हांत बसतो,” असें घरचे लोक अभिमानानें सांगतात. खिडकीच्या कांचेंतून ऊब येते, उजेड येतो, परंतु हाडांना हवे असलेले किरण मात्र बाहेरच राहतात. उन्हांत बसूनही त्या प्राण्याला मुडदूस होतो. आधीं त्याच्या बोटांना कंप सुटतो. मग जबडा सुजतो आणि मऊ पडतो. चालतांना पोट जमिनीला घासूं लागतें, आणि अखेर किरकोळ धक्क्यानेंही हाड मोडतें. वेळींच पशुवैद्याकडे नेलें तर रोग थांबतो, परंतु वांकलेलें हाड सहसा सरळ होत नाहीं.

यावर उपाय म्हणजे अतिनील किरण देणारी खास नळी. ती पेटीच्या लांबीच्या अर्ध्याहून अधिक भागावर, वरच्या अंगाला, उष्णता देणाऱ्या दिव्याच्याच बाजूस बसवावी. रानांत ऊब आणि किरण एकाच सूर्यापासून येतात. पेटींतही ते एकाच ठिकाणीं मिळावे आणि थंड टोकाकडे दोन्ही कमी कमी होत जावे. नळी आणि बैठक यांत किती अंतर ठेवावें हें नळीच्या जोरावर ठरतें, आणि तें नळीसोबतच्या सूचनापत्रांत दिलेलें असतें. किरणांची तीव्रता मोजण्याचें यंत्र मिळाल्यास बैठकीवर अतिनील निर्देशांक तीन ते पांचच्या दरम्यान यावा. नळी बाजूस लावूं नये. सरड्याच्या भुंवईचें हाड वरून येणाऱ्या किरणांपासून डोळ्यांवर छत्रीसारखें आडवें येतें. बाजूनें येणाऱ्या किरणांना तें अडवूं शकत नाहीं. नळी आणि प्राणी यांच्यामध्यें कांच किंवा प्लॅस्टिक असूं नये. बारीक जाळीही कांहीं किरण खाते. आणखी एक फसवी गोष्ट अशी कीं नळी जुनी झाली म्हणजे तिचा दिसणारा प्रकाश पूर्वीसारखाच राहतो, परंतु न दिसणारे किरण क्षीण होत जातात. म्हणून नळी जळण्याची वाट न पाहतां, निर्मात्यानें सांगितलेल्या मुदतीप्रमाणें सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें ती बदलावी, आणि बसवल्याची तारीख पेटीवर लिहून ठेवावी.

जीवनसत्त्वाची पूड अन्नावर टाकली तर भागणार नाहीं काय, असा प्रश्न येथें निघेल. पुडीचा उपयोग आहे, परंतु ती किरणांची जागा घेऊं शकत नाहीं. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत या सरड्याच्या पिल्लांचे गट करून कांहींना किरण आणि कांहींना केवळ तोंडावाटे जीवनसत्त्व देण्यांत आलें. किरण मिळालेल्या पिल्लांच्या रक्तांत त्याचें प्रमाण कितीतरी पटींनीं अधिक भरलें. आणि किरणांत आणखी एक सोय आहे. कातडींत गरजेपेक्षां अधिक माल तयार होऊं लागला तर तेच किरण त्याचें निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर करतात. तोंडावाटे दिलेल्या जादा मात्रेवर असा कोणताही लगाम नसतो.

दिवसाप्रमाणेंच रात्रीचाही विचार हवा. उन्हाळ्यांत दिवे बारा ते चौदा तास आणि हिवाळ्यांत दहा ते बारा तास लावावे. त्यासाठीं वेळेवर चालू-बंद होणारें यंत्र बसवणें उत्तम. रात्रीं सर्व दिवे बंद. पेटीची उष्णता रात्रीं १८ ते २२ अंशांपर्यंत उतरली तरी निरोगी प्राण्याला अपाय होत नाहीं. रानांतही रात्र थंडच असते. याहून अधिक गारठा पडत असेल तर उजेड न देणारा, केवळ ऊब देणारा चिनी मातीचा गोळा वापरावा. रात्रीसाठीं म्हणून लाल किंवा निळे दिवे विकतात, ते टाळावे. सरड्याला रंग उत्तम दिसतात, शिवाय डोक्याच्या माथ्यावर प्रकाश ओळखणारा एक बारीक तिसरा डोळाही असतो. तेव्हां लाल उजेड त्याला कळत नाहीं हा निव्वळ भ्रम आहे. त्याची झोंप किती मोलाची आहे हें २०१६ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील माक्स प्लांक मेंदू-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. याच जातीच्या झोंपलेल्या सरड्याच्या मेंदूचे विद्युत्‌प्रवाह त्यांनीं नोंदवले, तेव्हां त्यांत माणसाप्रमाणेंच गाढ झोंप आणि डोळ्यांच्या हालचालींची झोंप अशा दोन अवस्था आळीपाळीनें येत असल्याचें आढळलें. माणसांत हें चक्र पुरें होण्यास सुमारें दीड तास लागतो. या सरड्यांत तें सुमारें ८० सेकंदांत पुरें होतें. इतक्या नाजुक घडणीच्या झोंपेला काळोख देणें हें पाळणाराचें कर्तव्यच ठरतें.

जमिनीविषयीं पुष्कळ वाद ऐकूं येतो. वाळवंटांतला प्राणी म्हणून पेटींत नुसती सुटी वाळू ओतण्याची प्रथा आहे. परंतु त्याचें मूळ रान म्हणजे सारी वाळूच नव्हे. तेथें घट्ट तांबडी माती आणि दगडही असतात. पिल्लू किंवा आजारी प्राणी किड्याबरोबर वाळू गिळतो आणि ती आंतड्यांत सांचून राहण्याचा धोका असतो. म्हणून पिल्लासाठीं साधा कागद किंवा फरशी बरी. पाटीच्या दगडाची खरबरीत फरशी सर्वांत सोयीची. ती ऊब धरते, पुसतां येते, आणि तिच्यावर नखें आपोआप झिजतात. मोठ्या निरोगी प्राण्यासाठीं माती आणि वाळू यांचें मिश्रण घट्ट दाबून घातलें तर चालतें, आणि त्याला उकरण्याचा आनंदही मिळतो. मात्र जड दगड मातीवर ठेवूं नयेत, थेट पेटीच्या तळावर बसवावे. नाहीं तर खालून उकरतां उकरतां ते प्राण्याच्या अंगावर कोसळतील.

सामान थोडकें पण विचारपूर्वक मांडावें. चढण्यास एक-दोन भक्कम फांद्या, दिव्याखालीं बैठक, आणि थंड टोकाला लपण्याजोगी एक गुहा. लपण्याची जागा मिळाली म्हणजे प्राणी सदा लपून बसेल अशी भीति व्यर्थ आहे. आसरा जवळ आहे हें ठाऊक असलेला प्राणीच निर्धास्तपणें बाहेर वावरतो. पाण्याचें उथळ भांडें थंड बाजूस असावें, म्हणजे वाफ होऊन पेटी दमट होणार नाहीं. हवेंतील आर्द्रता शेंकडा तीस ते चाळीस असली कीं पुरे. रातकिडे खाण्यास सोडले असतील तर उरलेले संध्याकाळीं काढून घ्यावे, कारण रात्रीं झोंपलेल्या सरड्याला ते कुरतडतात. आणि काजवा मात्र चुकूनही पेटींत जाऊं देऊं नये. त्याच्या अंगांतल्या विषानें या जातीचे सरडे दगावले आहेत.

एका पेटींत एकच सरडा, हा नियम कठोर वाटला तरी पाळावा. एकट्याला करमणार नाहीं म्हणून माणूस हळहळतो; परंतु हा प्राणी रानांतही आपापली जागा राखून राहतो. दोघांना एकत्र ठेवलें आणि एक दुसऱ्याच्या पाठीवर बसलेला दिसला म्हणजे घरच्यांना तें प्रेम वाटतें. वास्तविक, वरचा सरडा त्या वेळीं खालच्याचें ऊन खात असतो. नर एकत्र असले तर मारामारी अटळ.

स्वच्छता प्राण्यासाठीं जितकी, तितकीच घरच्यांसाठीं. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेंतही साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. घाण रोज काढावी, आणि सरड्याला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणानें हात धुवावे. पेटींतलीं भांडीं स्वयंपाकघरांत धुवूं नयेत. पांच वर्षांखालील मुलांच्या हातीं हा प्राणी देऊं नये.

हें सारें प्राणी घरांत येण्याच्या आधीं व्हावें. पेटी उभारावी, दिवे लावावे, आणि निदान आठवडाभर ती रिकामीच चालवून सकाळ, दुपार, रात्र अशा तिन्ही वेळीं उष्णता टिपून ठेवावी. आंकडे जुळले म्हणजेच प्राणी आणावा. घरभरणी आधीं आणि पाहुणा मागाहून, हाच क्रम योग्य. खर्चाचा हिशेबही आधींच मांडावा; बहुतेकदां प्राण्याहून त्याचें घर महाग पडतें, आणि विजेचें बिल दरमहा येतें. हा हिशेब पेलणारा नसेल, तर मुलाला तसें स्पष्ट सांगणें ही त्या प्राण्यावर दया होय.

पेटी साधली कीं नाहीं, हें शेवटीं तो प्राणीच सांगतो. तो सकाळीं बैठकीवर येऊन अंग पसरतो, थोड्या वेळानें उठून फिरतो, कधीं फांदीवर, कधीं गुहेच्या दाराशीं दिसतो, तर सारें ठीक आहे. तो दिवसभर थंड टोकालाच पडून असेल आणि तोंड उघडें ठेवीत असेल, तर पेटी फार तापली आहे. तो दिव्याखालून हालतच नसेल, तर ऊब कमी पडते आहे. आणि दिवसा सदैव कातडी काळवंडलेली व दाढी गडद राहिली, तर त्याला गारठा तरी वाजतो आहे किंवा भय तरी वाटतें आहे. हिवाळ्यांत मात्र कांहीं मोठे सरडे आपण होऊन आठवडेच्या आठवडे मंद पडतात आणि खाणें सोडतात. तो त्यांच्या रक्तांतला ऋतुधर्म आहे. पशुवैद्याकडून रोग नसल्याची खात्री करून त्यांना स्वस्थ पडूं द्यावें.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हें खरेंच आहे. रानांत तो त्या धावेनें ऊन गांठतो, आणि ऊन फार झालें कीं तीच धाव त्याला सांवलींत आणते. परंतु माणसानें त्याला घरीं आणलें म्हणजे कुंपण कोठें घालावयाचें हें माणूस ठरवतो. तें चार फुटांचेंच असणार. मात्र त्या चार फुटांत एका टोकाला दुपार आणि दुसऱ्या टोकाला सांवली असली, तर त्या मुक्या जिवाची धाव फुकट जात नाहीं.